बाहेर लावायचा छापील फलक: साहित्य पारखण्यापासून स्क्रू पिळेपर्यंत

दोन-तीन उन्हाळे खाल्लेला एखादा फलक जवळ जाऊन बघा. फोटोतली माणसं निळसर पडलेली असतात, थंडीनं काकडल्यासारखी. झाडंही निळीच. काळी अक्षरं मात्र शाबूत. आणि लोकांचं लक्ष जावं म्हणून जी ओळ मुद्दाम लाल केली होती, तिथे नुसता फिकट गुलाबी डाग उरलेला.

यामागचं कारण सरळ आहे. छपाई चार शायांनी होते: सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी. काळी शाई कार्बनची असते आणि सायन तांब्याच्या थॅलोसायनीन नावाच्या रंगद्रव्याची. ही दोन्ही उन्हाला सहसा दाद देत नाहीत. पिवळी आणि मजेंटा तुलनेनं नाजूक, आणि लाल रंग बनतो तो नेमका याच दोघींचा. म्हणून तो आधी जातो.

हे पाहून नवखा माणूस म्हणतो, 'शाई हलकी वापरली.' कधी कधी ते खरंही असतं. पण मी उतरवलेल्या फलकांपैकी बरेच शाईमुळे नव्हे, दुसऱ्याच कशानं तरी गेले होते. फलक म्हणजे थरांची उतरंड: चौकट, पत्रा, चिकट, व्हिनाइल (चिकटवायची प्लास्टिकची फिल्म) किंवा फ्लेक्स (छापायचं प्लास्टिकचं कापड), शाई, वरचं लॅमिनेशन (छपाई झाकणारी पारदर्शक फिल्म). यातला सगळ्यांत कच्चा थर आधी जातो आणि जाताना बाकीच्यांना घेऊन जातो. दहा वर्षांचं व्हिनाइल दोन वर्षांत गंजणाऱ्या चौकटीवर लावलं, तर फलक दोन वर्षांचाच. त्यामुळे सगळंच महागातलं घ्यायची गरज नाही. सगळे थर साधारण एकाच वयाचे हवेत, एवढं पाहायचं.

पहिली पायरी: जुना फलक का गेला ते बघा

जुना फलक फेकू नका. आधी तो कशानं गेला ते शोधा, नव्याची अर्धी यादी तिथेच तयार होते. रंग उडाला पण कापड मजबूत आहे, तर शाई आणि लॅमिनेशनकडे बघा. फ्लेक्स घडी घालताच कडकन मोडला, तर त्यातलं प्लास्टिसायझर उडून गेलंय. पीव्हीसी मुळात कडक प्लास्टिक; त्याला मऊ ठेवणारं हे द्रव्य उन्हानं आणि उष्णतेनं हळूहळू बाहेर पडतं. कोपरे फाटले आणि मधला भाग ठीक आहे, तर साहित्य बरं होतं, बांधणी चुकली. कडेनं आत काळपट ओघळ गेले असतील, तर कापलेल्या कडेतून पाणी शिरलंय. फ्लेक्सच्या पोटातले पॉलिएस्टरचे धागे दिव्याच्या वातीसारखं पाणी ओढतात, मग आत बुरशी धरते आणि थर सुटतात.

दुसरी पायरी: किती दिवसांसाठी आणि कुठे

पंधरा दिवसांच्या कार्यक्रमाला कास्ट, म्हणजे सगळ्यांत टिकाऊ जातीचं व्हिनाइल वापरणं हा पैशाचा अपव्यय. दुकानाच्या कायमच्या पाटीला सगळ्यांत पातळ फ्लेक्स हाही अपव्ययच, फक्त तो हळूहळू कळतो. छपाईचा खर्च एकदा दिसतो. शिडी किंवा क्रेन, माणसं, जुना फलक उतरवणं, परवानगी हे दर वेळी नव्यानं भरावं लागतं. फलक जितका उंच आणि अडचणीच्या जागी, तितकं चांगलं साहित्य स्वस्त पडतं.

मग दिशा. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या फलकाला वर्षभरात सर्वाधिक ऊन लागतं, पश्चिमेकडच्याला दुपारचं तापलेलं. उत्तरेकडची भिंत त्या मानानं सुखी. आणि एक गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते: कंपन्या जे '५ वर्षं', '७ वर्षं' लिहितात ते उभ्या लावलेल्या फलकासाठी. तोच आभाळाकडे कलता किंवा आडवा लावला तर आयुष्य बरंच घटतं, ढोबळ हिशेबात निम्म्यावर येतं.

तिसरी पायरी: फ्लेक्स हातात घेऊन पारखा

दुकानात पहिला प्रश्न येतो, 'किती जीएसएम?' जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममध्ये वजन. २६० ते २८० हलका, ३४० मधला, ४४० आणि ५१० जड. पण नुसतं वजन फसवतं. पीव्हीसीमध्ये खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, जास्त घातली की फ्लेक्स जड होतो, बळकट होत नाही.

बळ असतं आतल्या जाळीत. ती पॉलिएस्टरच्या धाग्यांची असते आणि धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात: ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. १,००० डेनियरचा धागा ३०० डेनियरच्या तिपटीहून जड. म्हणून 'डेनियर किती आणि इंचात धागे किती' हेही विचारा. समोरच्याला उत्तर देता आलं नाही, तर तेही उत्तरच समजा.

आता हातानं बघायचं. वीतभर तुकडा मागून घ्या. कडेला छोटी चीर द्या आणि दोन्ही हातांनी फाडून बघा. हलका माल कागदासारखा सरळ फाटत जातो. चांगल्याचे धागे फाटण्याच्या टोकाशी गोळा होतात, झुपका होतो आणि हात थांबतो. मग कोपऱ्यावर नखानं वरचा पापुद्रा सोडवायचा प्रयत्न करा. सहज सुटला तर तो लॅमिनेटेड फ्लेक्स आहे: पीव्हीसीच्या दोन पातळ फिल्म, मध्ये जाळी, आणि त्या फिल्म एकमेकींना फक्त जाळीच्या भोकांतून चिकटलेल्या. दुसरा प्रकार कोटेड. त्यात पातळ पीव्हीसी जाळीवर पसरून भाजतात, थर धाग्यांना धरून बसतो आणि नखानं सुटत नाही. महिन्या-दोन महिन्यांच्या कामाला लॅमिनेटेड पुरतो. वर्षाहून जास्त टिकवायचं, त्यात वाऱ्याची जागा, तर कोटेडच घ्या. शेवटी तुकडा उजेडासमोर धरा. मागचा उजेड आरपार दिसत असेल आणि फलकाच्या पाठीमागून ऊन येणार असेल, तर रंग धुवट दिसतील; तिथे काळ्या पाठीचा फ्लेक्स लागतो. आतून दिवे असतील तर उलट, बॅकलिट.

चौथी पायरी: व्हिनाइल, जिथे पातळ ते चांगलं असतं

पत्र्यावर, काचेवर, गाडीवर चिकटवायचं ते व्हिनाइल. इथे नवख्याची नेहमीची चूक होते: दोन नमुने चिमटीत धरतो आणि जाड तो चांगला म्हणतो. व्हिनाइलमध्ये बहुधा उलट असतं.

स्वस्तातलं व्हिनाइल कॅलेंडर्ड असतं. तापलेलं पीव्हीसी रुळांतून लाटत, ताणत पातळ करतात. साधारण ७५ ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पण ते आपण ताणले गेलो होतो हे विसरत नाही. उन्हात तापलं की मूळ आकाराकडे परत जायला बघतं, म्हणजे आकसतं. जुन्या पाटीवरच्या कापीव अक्षरांभोवती केसाएवढी काळी रेघ दिसते ना? अक्षर आकसलं, चिकट उघडा पडला आणि त्यावर धूळ बसली, तीच ती रेघ.

कास्ट व्हिनाइल लाटत नाहीत. पातळ द्रव सपाट कागदावर ओततात आणि भट्टीतून काढतात. ताणलंच नाही, तर आकसणार कशाला? जाडी साधारण ५० मायक्रॉन, आणि खोबणीत, रिव्हेटवर, वळणावर ते अंगालगत बसतं.

कॅलेंडर्डमध्येही दोन जाती. मोनोमेरिकमध्ये प्लास्टिसायझरचे रेणू लहान, ते लवकर निसटतात. पॉलिमेरिकमध्ये लांब साखळ्यांचे, ते टिकून राहतात. ढोबळ हिशेब असा: मोनोमेरिक एक ते तीन वर्षं, पॉलिमेरिक पाच ते सात, कास्ट सात ते दहा, कधी त्याहूनही जास्त. सपाट पत्र्यावरच्या पाटीला मी पॉलिमेरिकच सुचवतो. कास्ट लागतं ते वळणांना आणि वाहनांना. सपाट पाटीला त्याचा हट्ट धरू नये.

एक युक्ती मात्र लक्षात ठेवा. नाव किंवा मोठी अक्षरं एकाच सपाट रंगात असतील तर ती छापूच नका. मुळातच रंगीत असलेल्या व्हिनाइलमधून कापून लावा. तिथे रंग फिल्मच्या पूर्ण जाडीत मुरलेला असतो. छपाईत तो वर बसलेला पातळ थर. लाल रंगाच्या दुखण्यावर याच्याइतका सोपा इलाज मला तरी दुसरा माहीत नाही.

पाचवी पायरी: शाई आणि लॅमिनेशन

सॉल्व्हेंट (उडून जाणारं द्रावक) आणि इको-सॉल्व्हेंट शाई पीव्हीसीचा पृष्ठभाग किंचित मऊ करून आत रुतते, त्यामुळे घट्ट धरते. लेटेक्स शाई पाण्यावर आधारलेली असते आणि उष्णतेनं पक्की होते. यूव्ही शाई दिव्याखाली क्षणात सुकते आणि पृष्ठभागावर बसते. कडक पत्र्यावर छान, पण घडी पडणाऱ्या मालावर तिला तडे जाऊ शकतात. बाहेरच्या कामात नीट वापरल्या तर सगळ्याच चालतात. शाई मशिनच्या कंपनीची आहे की कुठूनतरी आणलेली सुटी, हे विचारायला मात्र लाजू नका.

शाईपेक्षा महत्त्वाचं आहे तिच्यावरचं पांघरूण. चांगल्या लॅमिनेशनमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्यं असतात. रंगाच्या वाट्याचा मार ते स्वतः खातं. ओरखडे, धूळ, पुसण्याचं घासणं हेही त्याच्यावरच जातं. नियम एकच: जोडी जुळवायची. पॉलिमेरिकवर पॉलिमेरिक, कास्टवर कास्ट. कास्टवर मोनोमेरिक लॅमिनेशन लावलं तर वरचं आकसतं, खालचं आकसत नाही, आणि कडा केळीच्या सालीसारख्या वळतात.

घाईचाही एक धडा आहे, तो माझ्या खिशातून गेलेला. सुरुवातीच्या काळात एका कामाची मुदत दुसऱ्या दिवशी सकाळची होती. इको-सॉल्व्हेंटवर छापलं, बोट लावून बघितलं, कोरडं लागलं आणि तासाभरात लॅमिनेट करून टाकलं. शाई वरून कोरडी होती, पण सॉल्व्हेंट अजून उडायचं होतं. वरून झाकल्यावर ते जाणार कुठे? खाली चिकटात शिरलं आणि चिकट मऊ झाला. महिनाभरात सगळ्या कडा उठल्या आणि पूर्ण काम माझ्या खर्चानं पुन्हा करावं लागलं. छपाईनंतर किमान २४ तास, जमलं तर ४८, माल सैल सोडून ठेवायचा. घट्ट गुंडाळी करून ठेवला तर तो सुकत नाही, नुसता थांबतो. लेटेक्सला ही वाट बघावी लागत नाही. घाईच्या कामाला म्हणून ते सोयीचं.

छपाईवरचं हे लॅमिनेशन फ्लेक्सवर सहसा करत नाहीत. हवंच असेल तर पारदर्शक लिक्विड कोटिंग मारून घेता येतं.

सहावी पायरी: पाठीचा पत्रा

कायमच्या पाटीला एसीपी बरं. दोन बाजूंना ॲल्युमिनियमची पातळ कातडी, मध्ये प्लास्टिक. विचारताना सगळे '३ मिलिमीटर की ४' एवढंच विचारतात. कातडी किती जाड, हे विचारत नाहीत. ०.२१ आणि ०.५ मिलिमीटर कातडीच्या मालात जमीनअस्मानाचा फरक असतो, आणि फलक वाऱ्यात किती ताठ राहील ते बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. पाटीचा काही भाग व्हिनाइलनं झाकला जाणार नसेल, तर त्यावरचा रंग पीव्हीडीएफ कोटिंगचा घ्या. साध्या पॉलिएस्टर कोटिंगपेक्षा तो उन्हात जास्त टिकतो.

सनबोर्ड, म्हणजे पीव्हीसीची फोम शीट, हलकी आणि कापायला सोपी. सावलीत, आतल्या बाजूला उत्तम. उन्हात गडद रंग छापून लावली की तापते आणि पोट काढते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, बाहेर नकोच. एका स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं तरी ते फुगतं. ॲक्रिलिक उन्हात पिवळं पडायला बराच काळ घेतं, पण ठिसूळ असतं. पॉलिकार्बोनेट दणकट, पण यूव्ही थराशिवाय पिवळं पडतं. ज्या बाजूला तो थर असतो ती बाजू बाहेर यायला हवी. शीटवरच्या संरक्षक कागदावर तसं छापलेलं असतं आणि लावणारा घाईत तोच कागद आधी फाडून टाकतो.

सातवी पायरी: वारा, चौकट, स्क्रू

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर दाब चौपट. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात एका चौरस मीटरवर साधारण २४ किलो वजनाएवढा रेटा येतो. ३ बाय ६ मीटरच्या फलकावर हा हिशेब ४०० किलोच्या वर जातो, आणि तो एकसारखा नसतो, झटके देत येतो. मोठ्या फलकाची चौकट आणि पाया म्हणूनच अंदाजानं ठरवू नका, अभियंत्याकडून तपासून घ्या. तो पडला तर प्रश्न फलकाचा राहत नाही.

फ्लेक्सला अर्धचंद्राकार भोकं पाडायची पद्धत सगळीकडे दिसते. माझं मत विरोधात आहे. दाब त्यानं फारसा कमी होत नाही आणि प्रत्येक भोक म्हणजे फाटायला करून दिलेली सुरुवात. वारा खरंच जास्त असेल तर जाळीचा फ्लेक्स, म्हणजे मेश, वापरा. वारा त्यातून आरपार जातो.

कड दुमडून उष्णतेनं वेल्ड केलेली हवी. आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या कड्या, त्या दुहेरी कडेतून, साधारण अर्ध्या मीटरवर एक, कोपऱ्याला जास्तीचा तुकडा देऊन. पितळी आयलेट गंजत नाहीत. मुलामा दिलेले लोखंडी गंजतात आणि गंजाचे ओघळ अक्षरांवर उतरतात. बांधायला तारेपेक्षा दोरी बरी, तार कापत जाते. आणि फलक ताठ ताणा. फ्लेक्स ताणानं कमी फाटतो, फडफडल्यानं जास्त. उन्हात पीव्हीसी सैल पडतं, त्यामुळे लावल्यानंतर आठवड्याभरानं दोरी पुन्हा आवळावी लागते. बहुतेक जण इथेच आळस करतात.

चौकट लोखंडी चौकोनी पाइपची असेल तर वरची टोकं बंद करा आणि खाली पाणी जायला छोटं भोक ठेवा. पाइप बाहेरून रंगवलेला आणि आतून पाण्यानं भरलेला, असं पुष्कळदा सापडतं. गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड केला की झाळीच्या जागी जस्त जळून जातं. तिथे जस्तयुक्त प्रायमर मारला नाही तर गंज तिथूनच सुरू होतो.

साधे लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये पिळू नका. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, की एक दुसऱ्याला खातो. स्टेनलेस स्क्रू घ्या, खाली नायलॉनचं वॉशर घाला. साध्या जागी ३०४ प्रतीचं स्टेनलेस चालतं, समुद्रालगत ३१६.

आणि भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडा. २४०० मिलिमीटरचा एसीपी ४० अंशांच्या फरकात सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास वाढतो-आकसतो. तेवढंच ॲक्रिलिक ६ ते ७ मिलिमीटर. भोकात जागा नसेल तर एसीपीला पोट येतं आणि ॲक्रिलिकला स्क्रूपाशी तडा जातो.

आठवी पायरी: ऑर्डर कागदावर लिहून द्या

'चांगल्यातला चांगला लावा' ही ऑर्डर नव्हे. लिहायचं ते असं: फ्लेक्स कोटेड की लॅमिनेटेड, जीएसएम, डेनियर, व्हिनाइल मोनोमेरिक, पॉलिमेरिक की कास्ट, शाई कोणती, लॅमिनेशन कोणतं आणि छपाईनंतर किती तासांनी, एसीपीची जाडी आणि कातडी, चौकटीवर प्रायमरचे किती हात, स्क्रू कसले. दोन दुकानांचे दर या यादीवर मागितले तरच तुलनेला अर्थ. नाहीतर एक ३४० चा दर देतो, दुसरा २६० चा, आणि आपण दुसऱ्याला स्वस्त म्हणतो.

लावल्यानंतर

व्हिनाइल चिकटवण्याआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलेला असावा, आणि चिकट पूर्ण धरायला निदान एक दिवस लागतो. त्याच दिवशी धुऊ नका. पुढे वर्षातून दोनदा मऊ कापड, साधं साबणाचं पाणी, वरून खाली. थिनर किंवा पेट्रोल नको, शाईच निघून येते. प्रेशरची पाण्याची बंदूक कडांवर धरू नका.

छपाईच्या दिवशी त्याच मालाचा, त्याच शाईचा, लाल-पिवळ्यासकट हातभर पट्टा जास्तीचा छापून घ्या. मागे तारीख आणि माल लिहून तो अंधाऱ्या खणात ठेवा. दर वर्षी फलक पुसायला चढाल तेव्हा तो सोबत न्या आणि फलकाशेजारी धरा. रोज पाहणाऱ्या डोळ्याला रंग उतरलेला कळत नाही. या पट्ट्याशेजारी लगेच दिसतो, आणि छापणाऱ्याशी बोलताना तोच हातात असतो.